घुमटाच्या वाटेवरचं नाट्यगृह

व्हिएन्नात ४८ ए नंबरच्या बसमधून शनिवारी दुपारी जे परके चेहरे शेवटपर्यंत बसून राहतात, ते सगळे एकाच गोष्टीसाठी आलेले असतात. डोंगरउतारावरचं सोनेरी घुमटाचं चर्च. आम्हीही त्याच्याचसाठी निघालो होतो. बायकोनं वेळ पाहून ठेवली होती, कारण चर्च फक्त शनिवार-रविवारी उघडतं, तेही थोडा वेळ.

हे चर्च मनोरुग्णालयाच्या आवारात आहे. जागेचं जुनं नाव श्टाइनहोफ. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच व्हिएन्नाच्या बोलीत या नावाचं झालं. अधिकृत नावं बदलत गेली. मध्यंतरी, चर्च बांधणाऱ्या वास्तुकाराच्या नावानं, ऑटो वाग्नर रुग्णालय होतं, आता क्लिनिक पेन्त्सिंग. पण लोकांच्या तोंडी श्टाइनहोफच आहे.

आदल्याच दिवशी आम्ही शहरातला नारेनटुर्म पाहिला होता. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ मध्ये बांधलेला वेड्यांचा बुरूज. पाच मजली, गोल, आणि कडेनं १३९ कोठड्या. त्याच्या आकारावरून व्हिएन्नाकरांनी त्याला 'गुगलहुप्फ' या आपल्या गोल केकचं नाव दिलं. भिंतीतल्या त्या अरुंद फटी डोक्यात ठेवूनच मी दुसऱ्या दिवशी श्टाइनहोफच्या फाटकातून आत शिरलो, आणि समोर झाडंच झाडं. झाडांमधून लाल विटांच्या सुट्या-सुट्या इमारती. १९०७ मध्ये हे उघडलं तेव्हा अशा साठेक इमारती होत्या आणि दोन हजारांहून जास्त रुग्णांची सोय होती. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. शांत रुग्ण वेगळे, अस्वस्थ वेगळे.

या दोन बाजूंच्या मधोमध सरळ चढत जाणारी एक रेघ आहे. खाली कचेरी, सगळ्यात वर चर्च. आणि या दोहोंच्या मध्ये काय असावं? आधी नाट्यगृह, मग स्वयंपाकघर. म्हणजे खालून चढत गेलं तर भटारखान्याच्याही आधी करमणूक लागते! मी तिथंच थांबलो. बायको म्हणाली, "चर्च बंद होईल," आणि पुढे गेली.

नकाशात या इमारतीचं नाव होतं गेझेलशाफ्ट्सहाउस, म्हणजे मंडळी जमण्याचं घर. आता सगळे युगेन्डश्टील नाट्यगृह म्हणतात, त्या काळच्या नव्या कलाशैलीच्या नावावरून. विटांच्या लाल गर्दीत हिच्या भिंती पांढऱ्या, त्यामुळे दुरूनही वेगळी उठून दिसते. इथला प्रत्येक दगड वाग्नरच्या नावावर खपवायची लोकांना सवय आहे. खरं तर चर्च आणि आवाराची एकूण मांडणी त्याची. बाकीच्या इमारती प्रांताच्या बांधकाम खात्यानं उभ्या केल्या. सुरुवातीला कार्लो फोन बोग हे काम पाहत होता. त्यानं याआधी माउअर-एलिंगचं मनोरुग्णालय बांधलं होतं. तो १९०५ मध्ये गेला, आणि काम फ्रान्त्स बेर्गरनं पुरं केलं. बोगचं नाव घ्यायला इथं कोणी थांबत नाही, म्हणून मी घेतो.

दार बंद होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरच्या मंडळींनी इथं नाटकं, ऑपेरा केले, पण आता ते बरीच वर्षं बंद आहे. मी इमारतीला एक फेरी मारली. काचेला नाक लावलं, तर माझंच तोंड दिसलं. दिसलं नाही त्याचं फार वाटलंही नाही. कोठडीत कोंडायच्या माणसाला नाटक, गाणं, नाच हवा असेल असं कुणीतरी धरून चाललं, त्यासाठी पैसे मंजूर करून घेतले, आणि इमारत कोपऱ्यात न ढकलता ऐन मध्यावर बांधली. मला तेवढं बाहेरूनही दिसत होतं.

चर्चबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. संगमरवराच्या पातळ फरश्या, तांब्याची टोपी असलेल्या खिळ्यांनी ठोकलेल्या. कोलोमान मोझरच्या रंगीत काचा. पण मला आवडली ती वाग्नरची रुग्णांविषयीची बारीक जाण. जमीन वेदीकडे किंचित उतरती, म्हणजे मागच्यालाही दिसावं. बाकांना टोकदार कोपरे नाहीत. बाक आखूड, म्हणजे कुणाला काही झालं तर परिचारक चटकन पोचावा. तीर्थाच्या पाण्यात सगळ्यांनी बोटं बुडवायची नाहीत, ते थेंब-थेंब गळतं. उद्घाटनाला आलेल्या युवराज फ्रान्त्स फर्डिनांडला मात्र हे सगळं अजिबात रुचलं नाही.

उतरेपर्यंत अंधारायला लागलं होतं. नाट्यगृहापुढच्या हिरवळीवर खांब आहेत, ओळीनं लावलेले, ते मी दुपारी पाहिले होते. बागेतले दिवे असतील म्हणून सोडून दिले होते. आता ते पेटले होते. बाजूच्या फलकावरून कळलं, ते ७७२ आहेत.

१९४० ते १९४५ या काळात, नाझी राजवटीत, याच आवारातल्या काही इमारतींत 'आम श्पीगलग्रुंड' नावाचा मुलांचा विभाग होता. अपंग, मतिमंद, नाहीतर नुसती 'वाया गेलेली' ठरवलेली मुलं तिथं आणली जात. झोपेच्या औषधांनी, उपासमारीनं त्यांना मारलं गेलं, आणि दाखल्यावर बहुतेक वेळा न्यूमोनिया लिहिला गेला. स्मारक २००३ चं, तेव्हा ठाऊक असलेला आकडा ७७२. पुढे तो ७८९ वर गेला. त्याशिवाय सुमारे ३,२०० मोठे रुग्ण इथून नेले गेले, त्यांतले बहुतेक लिन्त्सजवळच्या हार्टहाइमच्या विषारी वायूच्या कोठडीत मेले. मुलांचे मेंदू बरण्यांत घालून ठेवले होते. तिथल्याच एका डॉक्टरनं, हाइनरिख ग्रोसनं, युद्धानंतर त्यांवर संशोधन केलं, नाव कमावलं, १९७५ मध्ये सरकारी सन्मानही मिळवला. मेंदूंचं दफन झालं ते २००२ मध्ये. २००० मध्ये त्याच्यावरचा खटला उभा राहिला, तेव्हा त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगून तो थांबवला गेला.

हे सगळं आम्ही अर्धं फलकावर आणि अर्धं बसथांब्यावर, फोनवर वाचलं. नाट्यगृहाच्या पांढऱ्या भिंतीवर खालून उजेड पडला होता. बायको म्हणाली, "मघाशी इथूनच गेले मी. मला काहीच दिसलं नव्हतं." परतीची ४८ ए आली तेव्हा आम्ही दोघंच चढलो.