नौपाड्याहून भीमबेटकाला: आधी दगड, मग चित्रे

कान्हेरी आणि कोंडाणे पाहिलेल्या ठाणेकराला लेण्यात शिरताच छिन्नीच्या खुणा शोधायची सवय असते, पण कातळावरच्या प्राचीन चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या, भोपाळजवळच्या भीमबेटकाला एकही गुहा कोरलेली नाही. विंध्य पर्वतातील वालुकाश्म ऊन-वारा-पाण्याने झिजून हे शैलाश्रय, म्हणजे कातळाखालचे नैसर्गिक आडोसे, तयार झाले आणि माणसाने त्यांत केवळ आसरा घेतला.

डिसेंबरात आम्ही चौघे कल्याणहून रात्रीच्या गाडीने भोपाळला गेलो आणि तेथून मोटार ठरवून दक्षिणेकडे सुमारे ४५ किलोमीटरवरील ही टेकडी गाठली. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये हे शैलाश्रय उजेडात आणले. २००३ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी पर्यटकांना जेमतेम पंधरा पाहता येतात, पण तेवढ्यांना अर्धा दिवस अवश्य द्यावा.

माझा आग्रह एकच, की निघण्यापूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातील दगडी हत्यारे पाहून घ्यावीत. त्याच संस्थेच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७० च्या दशकात भीमबेटकाला उत्खनन केले, तेव्हा तळाच्या थरांत क्वार्ट्झाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी (मुठीत धरायची हत्यारे) आणि फरशा (रुंद धारेची हत्यारे) मिळाल्या, तर वरच्या थरात सूक्ष्मास्त्रे, म्हणजे नखाएवढी दगडी हत्यारे. येथील बहुतेक जुनी चित्रे सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या मध्याश्मयुगीन (अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातील) माणसांची मानली जातात. हातकुऱ्हाडी त्यांच्याहून लाखो वर्षांनी जुन्या आहेत. आम्हाला भेटलेल्या वाटाड्याने चित्रे आणि हातकुऱ्हाडी एकाच काळातली म्हणून सांगितली, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

चौथ्या क्रमांकाच्या शैलाश्रयात हरणे, गवे आणि हत्ती एकमेकांवर रंगवलेले आहेत, आणि त्याच कातळावर फार नंतरच्या काळातले घोडेस्वार दिसतात. पंधराव्यात शिंगे असलेला प्रचंड रानडुकरासारखा प्राणी एका इवल्याशा माणसाच्या मागे लागला आहे, आणि शेजारी चक्क एक खेकडा! तिथे आम्ही बराच वेळ बसून होतो.

उंचावरच्या चित्रांसाठी दुर्बीण न्यावी आणि सकाळी लवकर पोहोचावे. पाणी बरोबर असू द्यावे. वाट फरसबंद असल्याने सत्तरीतील आत्याला काठीच्या आधाराने सारे पाहता आले. पावसाळ्यात मात्र दगड निसरडे होतात. चित्रांना हात लावू नये आणि जमिनीवरचा दगडाचा छिलका उचलू नये, कारण जागा सोडली की तो कोणत्या थरातला हे कळण्याचा मार्गच उरत नाही. आत्याने वाकून एक धारदार कपची पाहिली, आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून दाखवली, आणि तिला न हलवता पुढे निघाली.