ओआहाका: आधी डोंगर, मग शहर

मेक्सिकोतल्या ओआहाकाला गेलात तर पहिली सकाळ मोन्ते अल्बानच्या डोंगरावरच्या अवशेषांना द्या. शहर साधारण १,५५० मीटर उंचीवर, आणि इ.स.पू. ५०० च्या सुमारास वसलेलं हे सापोतेक लोकांचं प्राचीन नगर त्याहून जवळपास ४०० मीटर वर. वर सावली नावालाच. ऊन चढलं की पाय भराभर उचलले जातात आणि नेमकं बघण्यासारखं राहून जातं, म्हणून टोपी, लिटरभर पाणी घ्या आणि दार उघडताच आत शिरा. मोठ्या चौकातल्या बाकीच्या इमारती उत्तर-दक्षिण रेषेत, फक्त 'जे' इमारत तिरकी, बाणाच्या टोकासारखी. तिच्या भिंतीतल्या शिळा जवळून बघा: डोंगराची खूण आणि काहींवर तिच्याखाली उलटं कोरलेलं डोकं. ही जिंकलेली गावं, असं मानतात.

इथल्याच सात नंबरच्या थडग्यात १९३२ साली पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांना सापडलेलं, मिश्तेक लोकांनी घडवलेलं सोनं खाली शहरात, सान्तो दोमिंगोच्या जुन्या मठातल्या संग्रहालयात आहे. ते सोमवारी बंद असतं. रविवार त्लाकोलुला गावच्या आठवडी बाजारासाठी राखा.

शाकाहारी मंडळींनी त्लायुदा मागवताना जपावं. या मोठ्या कुरकुरीत मक्याच्या पोळीवर घेवड्याच्या लगद्याआधी 'असिएंतो', म्हणजे डुकराच्या चरबीचा थर फासतात. वरचं मांस काढून टाकलं तरी तो राहतोच. पोळी निखाऱ्यावर जायच्या आधीच 'सिन असिएंतो, सिन कार्ने' (चरबी नको, मांस नको) म्हणा, आणि घेवडा चरबीत परतलाय का तेही विचारा.