ठाणे जेमतेम एक वर्षच शेवटचं स्टेशन होतं

ठाणे स्टेशनबद्दल बोलायला लागलं की सगळे १६ एप्रिल १८५३ वर येऊन थांबतात. त्यात चूक काहीच नाही, देशातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुटली ती ठाण्यालाच आली, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी, शाळेत आपण हे सगळं पाठ केलेलं असतं. पण मला स्वतःला त्याच्या पुढच्या वर्षाची तारीख जास्त महत्त्वाची वाटते. १ मे १८५४. त्या दिवशी हीच लाइन ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत सुरू झाली. म्हणजे ठाणे हे शेवटचं स्टेशन होतं ते जेमतेम एक वर्ष, आणि तेव्हापासून आजपर्यंत ते मधलं स्टेशन आहे. आज तिथे जी काही गर्दी दिसते, ज्या काही सोयी दिसतात, जे काही हाल दिसतात, त्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

कारण साधं आहे, शेवटच्या स्टेशनवर माणसं उतरतात आणि बाहेर पडतात. मधल्या स्टेशनवर निम्मी माणसं बाहेर पडतच नाहीत, ती पूल चढतात, दुसरा प्लॅटफॉर्म गाठतात, इंडिकेटर बघत उभी राहतात. त्यामुळे इथे पुलाची रुंदी, जिन्याची जागा, प्लॅटफॉर्म किती मीटर आहे ह्या गोष्टी फार महत्त्वाच्या होतात, आणि नेमक्या ह्याच गोष्टींवर बोलायला कोणाला वेळ नसतो.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपला आहे आणि अभिमानाचा आहे. ही लाइन बांधली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असायची ती जीआयपी. मुंबईत रेल्वे यावी म्हणून सुरुवातीपासून धडपडणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते, चीफ इंजिनीअर होते जेम्स बर्कली. रूळ टाकले ते ५ फूट ६ इंच रुंदीचे, तेच माप आजही आपल्या ब्रॉडगेजचं आहे. बोरीबंदर ते ठाणे अंतर सुमारे ३४ किलोमीटर, आज सीएसएमटीहून स्लो लोकलने तासभर लागतो, फास्टने पाऊण तासाच्या आत.

कल्याणच्या पुढे मग एक फाटा घाटातून पुण्याकडे गेला, दुसरा कसाऱ्याकडून नाशिककडे, आणि दोन्हीकडच्या गाड्या ठाण्यावरूनच यायच्या. मूळची लाइन कळव्याहून पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जायची. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला, सव्वा किलोमीटरपेक्षा जरा लांब, आणि ठाणे ते दिवा सरळ रस्ता मिळाला. पुढे विजेची गाडी आली, पहिली धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला हार्बर लाइनवरून, आणि १९३० च्या आत तारा ठाणे-कल्याण करत पार पुण्यापर्यंत पोचल्या. १५०० व्होल्ट डीसी. ही डीसी मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर २०१५ पर्यंत आणि हार्बरवर २०१६ पर्यंत टिकली, मग सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी झालं.

ठाण्याचा खरा कायापालट मात्र २००४ मधला. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लाइन सुरू झाली आणि ९, १०, १० ए हे प्लॅटफॉर्म एकदम जगाच्या मध्यभागी आले. त्याआधी ठाण्याहून वाशीला रेल्वेने जायचं म्हणजे आधी कुर्ल्याला जा, हार्बर पकडा आणि खाडी ओलांडून पलीकडे जा, नाहीतर बसने ठाणे-बेलापूर रोडची धूळ खात जा. आता ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, मग एक वाशीकडे आणि एक नेरूळ-पनवेलकडे. ऐरोली-घणसोलीला आयटीवाल्यांची ऑफिसं उभी राहिली त्यामागे ही लाइन आहे असं मी म्हणेन, कारण डोंबिवली-बदलापूरची पोरं-पोरी ठाण्याला गाडी बदलून तिथे पोचू शकतात म्हणून त्या कंपन्यांना माणसं मिळतात. जानेवारी २०२४ पासून ह्या लाइनवर दिघा गाव हे स्टेशनही चालू झालंय.

पण ह्याचा अर्थ काय झाला बघा. सकाळी कल्याणकडून फास्ट येते, त्यातून शेकडो माणसं उतरतात आणि ती सगळीच्या सगळी पुलाकडे वळतात, त्याच वेळी ठाणेकर तीच गाडी पकडायला पुलावरून खाली येत असतात. ५ आणि ६ नंबरवर दोन्ही बाजूच्या फास्ट एकदम लागल्या की तिथे पाय ठेवायला जागा नसायची. शेवटी ५ नंबर रुंद करायचं ठरलं. त्यासाठी ३०-३१ मे २०२४ च्या मध्यरात्रीपासून २ जूनपर्यंत ६३ तासांचा ब्लॉक घेतला, रूळ बाजूला सरकवला, बाहेर तयार करून आणलेले काँक्रीटचे ठोकळे बसवले आणि दोन ते तीन मीटर जागा वाढवली. लोकांनी तेव्हा ब्लॉकच्या नावाने खूप बोटं मोडली, मेगाब्लॉक म्हटलं की कोणाचंही डोकं फिरतं ते मी समजू शकतो, पण मला विचाराल तर ठाण्यात गेल्या कित्येक वर्षांत झालेलं हे सगळ्यात माणुसकीचं काम आहे. दोन-तीन मीटर ऐकायला काहीच नाही, पण कडेवर पोर घेतलेल्या बाईला पिवळ्या रेषेच्या आत उभं राहता येणं म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबलो होतो. लांबच्या गाड्या वेगळ्या झाल्या की लोकल मोकळ्या होतील हा हिशोब, आणि तो बरोबरच आहे. त्यात फास्ट लोकल बोगद्यातून निघून मुंब्र्याच्या बाजूने वळल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसला मिळाला. मग ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दाराशी लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. दाराला का लटकता असं बाहेरचे लोक विचारतात, त्यांना एकच सांगणं आहे की सकाळी साडेआठला दिव्याला किंवा मुंब्र्याला उभं राहून बघा, आत शिरायला जागा असती तर कोणी हौसेने दारात उभं राहिलं नसतं. बंद दाराच्या गाड्या यायलाच हव्यात, पण त्याबरोबर गाड्यांची संख्या वाढली नाही तर प्लॅटफॉर्मवर उरणाऱ्या माणसांचं काय करायचं ते आधी ठरवायला लागेल.

ठाण्याहून सुटणाऱ्या लोकल हा वेगळा विषय आहे. बसायला मिळावं म्हणून कळव्याहून लोक ठाण्याला येऊन गाडी बदलतात, मुलुंडहून तर उलटे ठाण्याला येतात आणि मग सीएसएमटीकडे जातात. वीस-पंचवीस मिनिटं जास्त गेली तरी चालतील पण तासभर पाठ टेकवता आली पाहिजे, हा हिशोब ज्याने रोज प्रवास केलाय त्याला पटतो. गणपतीच्या आधी तर कोकणात जाणाऱ्या गाड्यांसाठी बोचकी, पोरंबाळं आणि मखराची खोकी घेऊन बसलेला चाकरमानी आणि पासवाला एकाच पुलावर असतात. बाहेर पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे स्टेशनबाहेरची वाहतूक सुधारायच्या योजनेतला उंच डेक झाल्यावर वर टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बस, खाली रिक्षा अशी विभागणी झाली, ती नसती तर आज काय झालं असतं कल्पना करवत नाही.

आता सगळ्यांचं लक्ष ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर होणाऱ्या नव्या स्टेशनकडे आहे. घोडबंदर आणि वागळेकडची गर्दी तिकडे गेली तर जुन्या स्टेशनला श्वास घेता येईल, म्हणून ते लवकर व्हावं असं मनापासून वाटतं. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, ट्रान्स हार्बरची गाडी जुन्या ठाण्यातूनच सुटणार, म्हणजे बदलणारी माणसं जुन्या ठाण्यातच राहणार. तेव्हा नवीन स्टेशन होतंय म्हणून जुन्यातले पूल रुंद करायचं आणि ५-६ वरून ९-१० ला जाणारा रस्ता सोपा करायचं काम कोणी मागे ठेवू नये, उलट तेच आधी घ्यावं.