चारही चाकांची बग्गी : आधी मैदान, मग मोटर

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहायला आल्यापासून माझे रविवार रिमोटवर धावणाऱ्या एक-दशांश आकाराच्या बग्गींच्या शर्यतींनी व्यापले आहेत. पहिली दोन वर्षे मी फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी चालवली. गेल्या वर्षी, बराच काळ हो-नाही करत, चारही चाकांना ताकद मिळणारी बग्गी घेतली. ती निवडताना मी आधी मोटरचा, मग गाडीच्या कंपनीचा आणि सर्वांत शेवटी टायरचा विचार केला. आज पुन्हा घ्यायची झाली तर हा क्रम मी नेमका उलटा करीन.

आमचा ट्रॅक ॲस्ट्रोटर्फचा, म्हणजे हॉकीच्या मैदानावर असते तशा कृत्रिम हिरवळीचा आहे. इथल्या पावसात मातीचा ट्रॅक टिकवणे कठीण असते, त्यामुळे ब्रिटनमधील अनेक क्लबांनी हाच पृष्ठभाग स्वीकारला आहे. त्यावर टायरची पकड इतकी जबरदस्त असते की वळणावर गाडी घसरण्याऐवजी सरळ कलंडते. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांचे सल्ले मी आधी उत्साहाने वाचत असे, पण ते बहुतेक पकड वाढवण्याविषयीचे असत आणि मला तर ती आवरायची होती. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या गाडीवर शूमाकर कंपनीचे पिवळ्या रबराचे, बारीक काट्यांचे मिनी पिन टायर दिसतात. नवख्याने इतरांच्या चाकांकडे पाहून तेच घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही.

ताकद पुढच्या चाकांपर्यंत न्यायची कशी, हा या गाड्यांचा जुना प्रश्न आहे. १९८५ मध्ये तामिया या जपानी कंपनीच्या हॉटशॉट बग्गीने त्यासाठी शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, वापरला, त्याच वर्षी आलेल्या क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीच्या ऑप्टिमाने साखळी वापरली आणि १९८६ च्या शूमाकर कॅटने पट्टे. या कॅटच्याच पुढच्या आवृत्तीवर जपानच्या मासामी हिरोसाका यांनी १९८७ मध्ये इंग्लंडमधील रॉम्सी येथे जागतिक अजिंक्यपद मिळवले. साखळी शर्यतीच्या गाड्यांतून मागे पडली, पण पट्टा की शाफ्ट हा वाद आजही चहाच्या टपरीइतकाच रंगतो, फक्त इथे टपरीच्या जागी गाडीची उघडी डिकी असते. पट्ट्याची गाडी मवाळपणे ताकद सोडते, मात्र पट्ट्यांचा ताण पाहावा लागतो आणि आत खडा गेला तर दाते खराब होतात. शाफ्टची गाडी थ्रॉटलला, म्हणजे रिमोटवरच्या वेगाच्या कळीला, तत्काळ उत्तर देते आणि तिची देखभाल मला सोपी वाटली, म्हणून मी तीच घेतली.

तीही जुनी, एका क्लबमित्राकडून. तामियाच्या टीटी-०२बीसारखा सुरुवातीचा किट स्वस्त असतो आणि त्याचे गिअर बंदिस्त असल्यामुळे धूळ आत शिरत नाही, पण शर्यतीसाठी लागणाऱ्या जुळवणीला त्यात फारसा वाव मिळत नाही. अंगणात चालवायची असेल तर तो उत्तम, शर्यत करायची असेल तर वापरलेली स्पर्धेची गाडी अधिक फायद्याची. एक अट मात्र मी कटाक्षाने पाळली, ती म्हणजे क्लबात तीच गाडी आणखी दोघा-तिघांकडे असावी. पुढचा आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारा हात, हमखास मोडतो, आणि तो मोडतो तेव्हा रविवारी दुपारी दुकान नव्हे, तर शेजारच्याची पेटीच उपयोगी पडते.

खरी मेहनत डिफरन्शिअलवर (डिफवर), म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीवर, घेतली. त्यात सिलिकॉन तेल भरायचे असते आणि त्याचा दाटपणा गाडीचा स्वभाव ठरवतो. पुढच्या डिफमध्ये ५००० चे पातळ तेल असताना (आकडा जितका मोठा, तितके तेल दाट) माझी गाडी वळणात शिरताना फार चटकन वळत असे आणि पकड जास्त असल्यामुळे आतल्या बाजूची चाके उचलत असे. तिथे १०००० चे तेल भरल्यावर ती वळणात थोडी जड झाली, पण बाहेर पडताना थ्रॉटल दिल्याबरोबर पुढची चाके तिला सरळ ओढून नेऊ लागली. पहिल्या वेळी मी डिफ काठोकाठ भरला होता, तापल्यावर तेल फुगून सीलमधून बाहेर आले आणि पेटीत सगळीकडे चिकटा पसरला. आतल्या आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकेच तेल पुरे, आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत झाकण लावू नये.

शॉकच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांच्या, बाबतीतही घाई मला नडली. चारही शॉक तेलाने भरून रात्रभर उभे ठेवावेत, सकाळी दांडा पूर्ण आत दाबून सोडावा आणि डावा-उजवा शॉक सारखाच परततो का ते पाहावे. माझा मागचा एक शॉक थोडा अधिक परतत होता, त्यामुळे गाडी उडीवरून उतरताना नेहमी एकाच बाजूला झुकत असे, आणि मी पहिल्या चार शर्यतींत त्याचे खापर मोटरवर फोडत होतो. नाचता येईना अंगण वाकडे, तशातला प्रकार. आता मी जमिनीपासून उंची १७ मिलिमीटर ठेवतो आणि चाके वरच्या बाजूने आत सुमारे एक अंश झुकवतो.

मोटर शेवटी आली. साडेआठ टर्नची (म्हणजे तारेच्या तितक्या वेढ्यांची) सेन्सरवाली ब्रशलेस मोटर आणि दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी एवढ्यावर माझे भागते. ७२ दात्यांचा स्पर (मोठे दातेरी चाक), मोटरवरचे २० दात्यांचे पिनियन (छोटे दातेरी चाक) आणि गाडीच्या आतले गुणोत्तर २.५ असेल, तर ७२ ला २० ने भागून २.५ ने गुणल्यावर ९ येतात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात मोटर नऊ वेळा फिरते. पाच मिनिटांची शर्यत संपताच मी मोटरचे तापमान मोजतो. ते ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले तर पिनियनचा एक दाता कमी करतो. लिपो चार्ज होत असताना मी शेजारून हलत नाही, आणि घरी आल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणूनच ठेवतो.

चारही चाकांच्या बग्गींच्या गटात किमान वजन १५८८ ग्रॅम असते आणि माझी गाडी त्याहून ४० ग्रॅम जड भरते. पुढच्या रविवारी गाडीत लावलेली पितळी वजने काढून पाहणार आहे, पण त्याच दिवशी तेल मात्र बदलणार नाही. दोन्ही एकदम केले तर फरक कशाने पडला हे मला कळणार नाही.