डोंगरातली मापे

डोंगरातल्या राखीव वनात शिरण्याआधी प्रवेशद्वाराजवळच्या नकाशासमोर जमलेल्या मंडळींचे बेत ऐकावेत. कोणीतरी नकाशावर बोट ठेवून वाटेची लांबी वाचतो, ‘दहा किलोमीटर म्हणजे फार तर दोन तास’ असा हिशेब जागच्या जागी करतो, त्यात पोहण्याचा एक तास आणि जेवणाचा एक तास मिळवतो आणि ऊन कलायच्या आत परतण्याचा बेत पक्का होतो. बेरीज अगदी बिनचूक असते, फक्त मापे डोंगराची नसतात. सपाट रस्त्यांवर वापरून सरावाची झालेली मापे आपण तशीच वर घेऊन जातो आणि तिथे ती एकामागून एक निकामी ठरत जातात. डोंगरावर जाण्यातली निम्मी गंमत मला या फजितीतच आहे असे वाटते.

अंतराचे माप सर्वांत आधी फसते. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये त्यावर एक साधा तोडगा सांगितला. दर ३ मैलांना एक तास धरावा आणि चढाच्या दर २,००० फुटांमागे आणखी एक तास मिळवावा. या हिशेबाने दहा किलोमीटरच्या वाटेवर ९०० मीटरचा चढ असेल, तर नकाशासमोरचे दोन तास साडेतीन तासांवर जातात, आणि तेही कोठे न बसता, पाणी प्यायला न थांबता आणि बुटाची नाडी न सुटता. हा नियम धडधाकट माणसासाठी असल्यामुळे सोबत लहान मूल किंवा हौशी छायाचित्रकार असल्यास त्याची अपेक्षा धरू नये. शिवाय तो उताराबद्दल काहीच बोलत नाही. वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार माणूस सर्वांत वेगाने चालतो तो अगदी हलक्या, साधारण पाच टक्क्यांच्या उतारावर. उतार त्याहून तीव्र होत गेला, की पाय ब्रेक लावू लागतात आणि वेग पुन्हा घटतो. या ब्रेकचे काम मांडीच्या स्नायूंकडे असते. प्रत्येक पावलाला ते आवळलेले असतानाच ताणले जातात आणि त्याची वसुली एक-दोन दिवसांनी घराचा जिना उतरताना करतात. चढताना धाप लागते म्हणून आपण चढाला नावे ठेवतो, पण खरा हिशेब उताराकडेच थकलेला असतो.

चढावर वाट नागमोडी का केलेली असते, हे ज्याला उमगत नाही तो वळणे तोडून सरळ वर जातो. असे चार जण गेले, की गवताखालची माती उघडी पडते, पावसाचे पाणी तीच सरळ वाट धरते आणि काही मोसमांत तिथे घळ तयार होते. ‘वाट सोडू नका’ ही पाटी अनेकांना वनखात्याची खोड वाटते, पण मला मात्र ती त्या संपूर्ण परिसरातली सर्वांत शहाणी पाटी वाटते.

उंचीबरोबर हवाही बदलत जाते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या चढाईत आपण एका हवामानातून दुसऱ्यात पोहोचतो. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला, तेव्हा खालच्या उष्ण जंगलापासून वरच्या दगडफुलांपर्यंत वनस्पतींचे पट्टे कसे बदलत जातात हे त्याने टिपले आणि पुढे एकाच चित्रात मांडून दाखवले. तेवढा उंच पर्वत आपल्या वाट्याला येत नसला, तरी झाडे बुटकी होऊ लागली किंवा खोडावरचे शेवाळ दाट झाले, की वर चढल्याची खूण पटते. मात्र ही गार हवा लबाड असते. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतच जातात, आणि ऊन लागत नाही म्हणून टोपी पिशवीत ठेवणाऱ्याचे नाक संध्याकाळी लाल होते.

आणि मग डोह येतो. घामाने भिजलेल्या माणसाला डोह दिसला, की त्याची उरलीसुरली मापेही पाण्यात जातात. नितळ पाण्याचा तळ जवळ भासतो, कारण पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो. सरळ वरून पाहिले तरी चार फूट खोल पाणी तीन फूट वाटते आणि काठावरून तिरके पाहिले, तर त्याहूनही उथळ. कमरेएवढे समजून पाय टाकावा आणि पाणी छातीशी लागावे, हा अनुभव त्यामुळेच येतो. थंडीची गोष्ट तर याहून वेगळी आहे. पंधरा अंशांची हवा आपल्याला सुखद गारवा वाटते, पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक चांगले उष्णतावाहक असल्यामुळे पंधरा अंशांचे पाणी अंगाला झोंबते. अशा पाण्यात एकदम उडी घेतली, तर छाती आपोआप मोठा श्वास ओढते आणि पुढचा मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. कड्यावरून झेप घेणाऱ्याला टाळ्या पडतात हे खरे, पण माझे मत मनगटे, मान आणि पाठ भिजवत एकेक पाऊल आत सरकणाऱ्या भित्र्या माणसाच्या बाजूने आहे.

हळू उतरणाऱ्याला आणखी एक लाभ होतो, तो म्हणजे तळाकडे नीट पाहता येते. घोट्याएवढ्या पाण्यातला एखादा दगड अलगद उलटून पाहावा. त्याच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी, वाळूच्या कणांची बारीक नळी चिकटलेली दिसते. जरा थांबले, की नळीच्या एका तोंडातून काळसर डोके आणि सहा पाय बाहेर येतात. ही कॅडिस माशीची अळी. तोंडातून काढलेल्या रेशमाने ती वाळूचा एकेक कण जोडून हे घर बांधते. तिच्या काही जातभाईंची पसंती काटक्यांना किंवा पानांच्या तुकड्यांना असते. यातल्या बऱ्याच जातींना थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, म्हणून प्रवाहाची प्रकृती तपासणारे शास्त्रज्ञ या अळ्या मोजतात. पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवावा. अंगाला लोशन चोपडून पाण्यात उतरणाऱ्यांच्या मागे पृष्ठभागावर जो तेलकट इंद्रधनुषी तवंग तरंगतो, तो उन्हाळ्यात धार मंदावलेल्या लहानशा डोहातून लवकर वाहूनही जात नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर लागणारी भूक मात्र कोणत्याच सूत्रात बसत नाही. चार जणांचा डबा दोघांना पुरत नाही. खाऊचे हवाबंद पाकीट इथे टम्म फुगलेले असते, कारण दोन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. त्याच उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तिथे डाळी शिजवण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी दिवस हाताशी ठेवावा. शिजवून आणलेले खावे, हे उत्तम. पहिला घास तोंडात जाईपर्यंत मुंगी आलेली असते. एका मुंगीला कण सापडला, की ती परतताना वासाची रेघ ओढत जाते आणि त्या रेघेवरून येणारी प्रत्येक मुंगी ती रेघ अधिक ठळक करते.

मुंग्यांचे ठीक आहे, पण मोठ्या पाहुण्यांना सवय लागली तर काय होते याचा दाखला अमेरिकेतल्या यलोस्टोनने देऊन ठेवला आहे. १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या प्रदेशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉटेलांच्या उष्ट्याखरकट्याच्या ढिगांवर ताव मारायला अस्वले येत आणि तो देखावा पाहण्यासाठी प्रेक्षकांना बसायला चक्क बाके मांडलेली असत. माणसाजवळ अन्न असते हे एकदा कळलेले अस्वल ते विसरत नाही. माणसे जखमी झाली, अस्वलेही मारावी लागली, आणि अखेर ते ढीग बंद करण्यात आले. माकडाला फळ देणारा हात याच गोष्टीची लहान आवृत्ती लिहीत असतो.

फळांच्या सालींबद्दल मात्र भले भले लोक वाद घालतात. ‘कुजून माती होईल की’ हे त्यांचे म्हणणे बागेच्या ओलसर, उबदार मातीला लागू पडते. उंचावरच्या थंड, कोरड्या जागी संत्र्याची साल दीर्घकाळ तशीच पडून राहते आणि तोवर एखाद्या प्राण्याला माणसाच्या वाटेची चटक लावते. तेव्हा साली खाली न्यायच्या, हे ठरलेले. ती ओली, गळणारी पिशवी कोणी उचलायची, यावर प्रत्येक गटात चर्चा होते आणि बहुधा ती ज्याच्या पाठीवर आधीच सर्वांत जास्त ओझे असते, त्याच्याच गळ्यात पडते.