लॉकडाऊनमध्ये बचत गटाचं काय झालं

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि गावातल्या बचत गटाच्या मीटिंगा बंद पडल्या, आता कुणी म्हणेल त्यात काय एवढं, पण हप्ते गोळा होतात ते तिथंच ना! आमच्या काकूंनी शेळ्यांसाठी कर्ज काढलेलं, आठवडी बाजार बंद, मग बोकड विकायचा कुठं? रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली खरी, पण व्याजाचं मीटर चालूच होतं हे कुणी धड सांगितलं नाही. शेवटी गाभण शेळीसुद्धा मातीमोल भावात गेली. मुंबई-पुण्याहून परतलेली पोरं रोजगार हमीवर, २३८ रुपये रोज, केंद्राने मे महिन्यात जादा ४० हजार कोटी दिले म्हणून निदान चूल तरी पेटली. पण काकूंना जुनं फिटल्याशिवाय नवीन कर्ज मिळेना, मग काय, सावकार आहेच की.