आमची वाटचाल : मुक्काम नीसला, फिरणं किनाऱ्यावर

नौपाड्यातल्या छोट्या गाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको विमानाची आणि रेल्वेची तिकिटं काढून द्यायचो. युरोपची चौकशी वाढली तशी मोठ्या कंपन्यांची पॅकेजं कमिशनवर विकू लागलो. परत आलेल्या काका-काकूंना विचारलं, की उत्तर बहुधा एकच असायचं : रोज पहाटे बॅगा भरायच्या, दिवसभर बस, रात्री नवं हॉटेल. आयुष्याची बचत खर्चून गेलेल्या माणसांकडून हे ऐकताना फार वाईट वाटायचं. त्यातूनच ठरलं, की स्वतःची सहल काढायची आणि ती एकाच प्रदेशाची, एकाच मुक्कामाची.

प्रदेश निवडायला वेळ लागला नाही. पत्नीचं फ्रेंच चांगलं आहे आणि दक्षिण फ्रान्सच्या कोत द'अझ्यूर किनाऱ्यावर लोकल गाड्यांची उत्तम सोय आहे. कान, आंतीब, नीस, व्हिलफ्रांश, मोनॅको, मेंतों ही सगळी स्टेशनं एकाच मार्गावर, समुद्राला लागून. नीसहून व्हिलफ्रांश सात-आठ मिनिटांवर, तर इटलीच्या हद्दीजवळचं मेंतों पाऊण तासाच्या आत. मुंबईच्या माणसाला लोकल शिकवावी लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आमचे प्रवासी आपापले जाऊन येतात आणि संध्याकाळी आम्हालाच नव्या गल्ल्या सांगतात. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं समाधान मला तिथे मिळतं.

नीसचा किनारा वाळूचा नाही, गोलसर गोट्यांचा आहे. पाणीही लवकर खोल होतं. म्हणून रबरी तळाचे बूट आम्ही सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहितो. ज्यांना वाळूच हवी त्यांना आंतीबच्या जुन्या तटबंदीखालच्या ग्राव्हेत किनाऱ्यावर पाठवतो. तिथून चार पावलांवर ग्रिमाल्दी गढी आहे. १९४६ साली पिकासोने तिथे मुक्काम करून चित्रं काढली, आज तिथे त्याचं संग्रहालय आहे. रत्नागिरी-मालवणकडच्या प्रवाशांना मात्र वेगळंच नवल वाटतं. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्यामुळे भरती-ओहोटी अगदी थोडी. खुर्च्या दिवसभर पाण्याजवळ तशाच मांडलेल्या असतात, त्या कोणी मागे ओढत नाही.

जेवणाची काळजी बुकिंगच्या वेळी प्रत्येक घरातून विचारली जाते, विशेषतः शाकाहारी घरातून. नीसमध्ये त्यावर सोका हे उत्तर आहे : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, वरून मिरपूड. आमच्या एका आजींनी पहिल्या घासाला ‘अगं, हे तर आपलं धिरडंच!’ म्हटलं आणि मुक्कामभर कूर सालेयाच्या बाजारात रोज नेम चुकवला नाही. सोमवारी या बाजारात भाजी-फुलांऐवजी जुन्या वस्तू मांडतात, म्हणून खाऊची फेरी इतर दिवशी ठेवतो. पिसालादियेर हा कांद्याचा पदार्थ दिसतो शाकाहारी, पण त्यात खारवलेले अँचोव्ही मासे असतात. हे आधीच सांगितलेलं बरं.

कोविडमध्ये सगळं थांबलं. गाळ्याचं भाडं भरायला तिकिटांचं जुनं कामही उरलं नव्हतं. तेव्हा जुन्या प्रवाशांनी भरलेली रक्कम परत न मागता पुढच्या सहलीसाठी आमच्याकडेच राहू दिली. त्या विश्वासाचं ऋण आजही डोक्यावर आहे.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा सहलीत मार्सेय जोडलं. आपण लहानपणापासून ऐकत आलो ते मार्सेलिस. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून इथल्या पाण्यात उडी घेतली. ते पोहून धक्क्यावर पोचले, पण फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. हे प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. नीसहून रेल्वेने अडीच-पावणेतीन तास लागतात, तरी त्या दिवशी एकही जण हॉटेलवर थांबत नाही. नोत्र-दाम द ला गार्द चर्चच्या टेकडीवरून सगळं बंदर दिसतं. तिथे आम्ही फार बोलत नाही. मिस्त्रालचं वारं जोरात असेल तर उभं राहणंही अवघड होतं, म्हणून हवामान पाहून दिवस ठरवतो. नीस आल्प्सच्या आडोशाला असल्यामुळे तिथे त्याचा त्रास कमी.

आता आमचे गट जून आणि सप्टेंबरमध्ये जातात. सप्टेंबरला मी जास्त पसंती देतो : पाणी उन्हाळाभर तापलेलं, आणि गर्दी ओसरलेली. ऑगस्टमध्ये कोणी कितीही आग्रह केला तरी नेत नाही, त्या गर्दीत आमच्या वयाच्या प्रवाशांचे हाल होतात. बारा-चौदा जणांपेक्षा मोठा गट करत नाही, कारण मग एझच्या उंच डोंगरगावातल्या अरुंद पायऱ्यांवर कोणाचा हात धरायला आम्ही पुरे पडत नाही.

यंदा पहिल्यांदाच हिवाळ्यातली सहल आखली आहे. फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल आणि मेंतोंचा लिंबाचा उत्सव एकाच सुमारास येतात. १९३४ पासूनच्या या उत्सवात संत्र्या-लिंबांनी रचलेले भलेमोठे देखावे उभे राहतात. व्हिसाचे कागद नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी पासपोर्टची मुदत आत्ताच तपासून ठेवावी.